शेवटून दुसरा नंबर

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं लोकांना वर पोचवण्यात गेली, पण स्वतः मात्र यंदापर्यंत शेवटच्या नंबराच्या वर कधी चढले नाहीत. याला छापील पुरावा आहे.

ह्यांना हौशी रेडिओचं वेड. गच्चीवर तार बांधायची, खोलीत सेट मांडायचा आणि हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाला हाक मारायची. त्याने ओ दिली की दिवस सार्थकी लागला. "पण तुम्ही बोलता तरी काय?" असं मी लग्न झाल्या झाल्या मोठ्या उत्सुकतेने विचारलं होतं.

"माझं ऐकू येतंय का, ते विचारतो."

"आणि तो?"

"तोही तेच विचारतो."

तेव्हाच माहेरी निघून जायला हवं होतं. राहिले, ती राहिलेच.

वर्षातून एकदा ह्यांची स्पर्धा असते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा. प्रत्येकाला दोन गोष्टी सांगायच्या. एक म्हणजे त्याचा आवाज कसा येतोय त्याचे मार्क. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी, आणि स्पर्धेत सगळे सगळ्यांना डोळे मिटून पाच-नऊच देतात. "पाच-नऊ, पाच-नऊ! काहीच कळलं नाही, पुन्हा सांगा!" असं हे ओरडतात तेव्हा मी कपाळाला हात लावते. ती सवय घरातही आली आहे. एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं, तरी हे म्हणाले, "पाच-नऊ." तेव्हापासून ह्यांनी केलेलं कौतुक मी मनावर घेत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला आजचा कितवा संपर्क, तो आकडा. ही पद्धत ज्याने काढली त्याला माणसाची लाज काय असते ते माहीतच नसावं. दुपारी बारा वाजता समोरचा सांगतो "चारशे बारा", आणि आमच्या घरातून उत्तर जातं, "शून्य-शून्य-सात". जगाला कळतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तर ह्यांचा बारा तासांत एकच संपर्क झाला. एकच! तरी रात्रीच्या जेवणाआधी वही नीट उतरवून, सही करून, पाकिटात घालून ठेवली. "एका माणसाची यादी कुणी पाठवतं का हो?" म्हणून मी पोट धरून हसले होते. हे दुसऱ्या दिवशी पाकीट टाकून आले. निकालात नाव आलं, अर्थात सगळ्यांच्या खाली.

यंदाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सेट आमचा नाही, क्लबचा आहे, आणि क्लबमध्ये सेटसाठी रांग लागलेली. चष्म्याचं दुकान चालवणारे सेक्रेटरी स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "यंदापासून नियम केलाय. ज्याचे स्पर्धेत पंचवीस संपर्क धरले जाणार नाहीत, त्याचा सेट पुढच्याला. वाईट वाटून घेऊ नका."

"छे छे, पाच-नऊ," हे म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

खरं सांगते, मला आनंद झाला. त्या खोलीत शिवणाचं मशीन मांडायचं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे हे गच्चीवर जाऊन तार पुसून आले. तार पुसून काय होतं, विचारू नका. सहाला सेट लावला तर नुसती खरखर. "सूर्यावर वादळ झालंय," हे म्हणाले. "वर एक आरसा असतो समज. आपला आवाज त्याच्यावर आपटून लांब पडतो. आज आरसाच गढूळ झालाय."

"मग उद्या करा."

"स्पर्धा आज आहे."

लिफ्टच्या मोटारींच्या खोल्यांत आयुष्य गेल्यामुळे ह्यांचे कान अधू झालेत. हेडफोन लावला की कानात शिट्ट्या वाजतात, म्हणून स्पीकर. ती खरखर मी भाजी निवडताना ऐकली, कपडे वाळत घालताना ऐकली. अकरापर्यंत पाच माणसं झाली. दोनपर्यंत तेरा. हे जेवायला उठले नाहीत, म्हणून ताट आत नेऊन दिलं. घास हातात, हात हवेत, आणि डोळे स्पीकरवर. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखे बसले होते.

तीनच्या सुमाराला खरखरीत गुरगुर मिसळली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक वजन उतरवायच्या विजेच्या पट्ट्यावर चढले होते, आणि जवळपास कुठलीही मोटार फिरली की ती सेटमध्ये ऐकू येते. मी तशीच वर गेले. का गेले, मलाच ठाऊक नाही.

"सर, खाली उतरा."

"डॉक्टरांनी चाळीस मिनिटं सांगितलीत. बावीस झालीत."

"उरलेली अठरा बागेत चाला. घरात गंभीर परिस्थिती आहे."

बिचारे बूट न बदलता गेले. परत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आता बरं आहे का?" मी म्हटलं, "अजून धोका टळलेला नाही."

साडेपाचला चोवीस झाले. आणि मग कुणीच नाही. हे हाक मारत होते, थांबत होते, पुन्हा हाक मारत होते. घसा बसला. पावणेसहाला स्पीकरच्या अगदी तळातून एक आवाज आला. बारीक, थरथरता, म्हाताऱ्या माणसाचा असावा. त्याने आमच्याच स्टेशनचं नाव परत म्हटलं होतं!

ह्यांनी त्याच्या स्टेशनचं नाव लिहून घेतलं. राहिला फक्त त्याचा आकडा. तो सांगत होता, हे "पुन्हा, पुन्हा" करत होते. मला मात्र दारातून स्वच्छ ऐकू येत होतं. दवाखान्यात नंबर पुकारण्यात माझी सारी नोकरी झाली, खोकल्यांच्या गर्दीतून आकडा टिपायचा सराव आहे. पण ऐकायचं स्पर्धकाने एकट्याने, असा नियम. मी तोंड उघडलं, तर ह्यांनी हात वर करून मला गप्प केलं. सेट जायची वेळ आली तरी नियम मोडायचा नाही म्हणे! असा राग आला, सांगते.

पाच वाजून चोपन्न मिनिटं. मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजचा प्लग उपटला. फ्रिज बंद करू नये असा काही नियम नव्हता. खोलीतली खरखर एकदम अर्धी झाली.

ह्यांच्या कपाळावर आठी आली. "एक? संध्याकाळी सहाला एक कसा असेल? आधीचे आकडे बुडतायत." मग माइकमध्ये, "एकच्या आधी काय?"

"शून्य."

"त्याच्या आधी?"

"शून्य," तो आवाज म्हणाला. "तुम्हीच पहिले."

ह्यांनी वहीत आकडा लिहिला. मग म्हणाले, "तुमचे मार्क, तीन-एक. जेमतेम येताय. पण येताय." बारा तासांत ह्यांनी दिलेले ते पहिले खरे मार्क.

वही मिटली. पंचवीस झाले. मी पेढ्यासारखा गुळाचा खडा ह्यांच्या हातावर ठेवला, तरी हे खुलेनात.

"आता काय?"

"संपर्क दोघांच्या याद्या जुळल्या तरच धरतात. बाकीचे चोवीस पाठवतीलच, त्यांच्या याद्या लांबलचक. हा कशाला पाठवेल? एका संपर्काची यादी."

एका माणसाची यादी कुणी पाठवतं का, हे मीच विचारलं होतं ना.

निकालाला तीन आठवडे होते. सेक्रेटरींनी पुढच्या माणसाला कळवूनही टाकलं होतं. हे रोज कामावरून आले की सेटवरची धूळ पुसत, पण लावत नसत. मी शिवणाच्या मशीनचा विषय काढला नाही.

निकाल आला तेव्हा ह्यांचा चष्मा सापडेना, म्हणून यादी मीच वाचली, सवयीप्रमाणे खालून वर. सगळ्यात खाली एक अनोळखी स्टेशन. संपर्क एक, धरलेले एक. त्याच्या वर आम्ही. संपर्क पंचवीस, धरलेले पंचवीस.

"पाठवली हो त्याने!" मी ओरडले. वरून प्राध्यापकांनी विचारलं, "बरं आहे ना आता?"

हे खुर्चीत बसून राहिले. डोळे भरले होते, माझेही. मग मी विचारलं, जे पहिल्या वर्षी हसण्याच्या भरात विचारायचं राहिलं होतं. "तुम्ही का हो पाठवली होती तेव्हा? एका माणसाची यादी?"

"नाहीतर पलीकडच्याचा एक कमी झाला असता," हे म्हणाले, आणि चष्मा शोधायला उठले.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. खाली लिहिलंय, "सकाळी सहापासून फ्रिज बंद."