भाकऱ्यांची चवड आणि भागिले तीन

आमच्या नेवाशाच्या शाळेत गणित हा पाठांतराचा विषय होता, आणि त्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. "शंकूचं घनफळ?" असं कुणी नुसतं पुटपुटलं तरी मी "तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन" असं ओरडायचो, की प्रवरेच्या पल्याडचे बैल दचकत.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नवे मास्तर आले. पहिल्याच तासाला म्हणाले, "शंकू दाखव." मी फळ्यावर त्रिकोण काढला.

"आणि भागिले तीन कशासाठी?"

"पुस्तकात तसंच हाय, सर."

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि सगळा वर्ग आमच्या खळ्यावर आणला. खळ्यावर जोंधळ्याची रास पडली होती. मास्तरांनी वहाणा बाहेर काढल्या, म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, त्यांना आत तरी येऊ दिलं.

"हा शंकू," मास्तर म्हणाले. "आता समजा, ही भाकऱ्यांची चवड आहे. खालची भाकरी खळ्याएवढी, वरची बत्ताशाएवढी. एकेकीचं माप काढून बेरीज केली, की ते भागिले तीन आपोआप निघतं. भाकरी जितकी पातळ थापाल, तितकं उत्तर खरं. हे कॉलेजात शिकवतात. पण तिथवर तुमच्यातले किती पोचणार? म्हणून आत्ताच शिका."

एवढं बोलून त्यांनी राशीभोवती कासरा फिरवला आणि शेंड्यातून सरळ काठी खुपसली. आबांच्या मिशा उभ्या राहिल्या. तेव्हा सरकार सक्तीच्या लेव्हीचं धान्य उचलून न्यायचं. कारकून खळ्यावर यायचा, रास नजरेनं जोखायचा आणि त्यावर लेव्हीचा आकडा ठोकायचा. आता हा दोरीवाला आला! आबांनी मला कडब्याच्या गंजीमागं ओढलं.

"कुनाचा मानूस हाय ह्यो?"

"मास्तर हायेत, आबा."

"मास्तर दोरी घेऊन फिरतो व्हय रं? मामलेदारानं धाडलाय. उद्यापासनं तुजी शाळा बंद. नांगर धर."

 नांगरापेक्षा भागिले तीन शंभरपट हलकं, हे मी जाणून होतो.

आबा मास्तरांपुढं जाऊन उभे राहिले. "सांगा, किती पायल्या भरतील?"

मी मनातल्या मनात दोन्हीकडून मेलो. उत्तर चुकलं तर मास्तर भोंदू, बरोबर आलं तर सरकारचा हेर. शाळा दोन्हीकडून बंद! मास्तरांनी मात्र खळ्याच्या मधल्या खांबावर खडूनं आकडा लिहून टाकला.

आबा स्वतः मापायला बसले. रिवाजाप्रमाणं पहिल्या पायलीला 'एक'ऐवजी 'लाभ' म्हणाले आणि पुढं मोजत सुटले. खांबावरचा आकडा जवळ आला तसा त्यांचा आवाज खाली गेला. शेवटची पायली अर्धीच भरली.

"अर्ध्या पायलीनं चुकलो," मास्तर म्हणाले.

"न्हाई चुकला," आबा कसेबसे बोलले. "अर्धी चिमन्यांनी खाल्ली."

पोरांना त्यांनी हाकलून लावलं, मला तेवढं विसरले. मग मास्तरांच्या कानाशी गेले. "आता खरं सांगा. जोंधळा तेवढाच, पर डोळ्याला कमी दिसंल, अशी रास कशी घालायची?"

आता संशयानं बघायची पाळी मास्तरांची होती. हाच मामलेदाराचा माणूस असून आपल्याला अडकवतोय की काय, असा विचार त्यांच्या कपाळावर मला स्वच्छ वाचता आला.

"मी काही सांगणार नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "हा तुझा गृहपाठ. उद्या वर्गात उत्तर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आबांनी मला गाडीत घालून शाळेत नेलं आणि उत्तर निघेपर्यंत वर्गाच्या खिडकीला घोरपडीसारखे चिकटून राहिले. तळ वाढवला की उंची कशी ढासळते, हे माझ्याआधी त्यांना कळलं.

लेव्हीचा कारकून आला तेव्हा गावातल्या राशी अशा पसरल्या होत्या, की कोंबडीलाही चढ लागू नये. त्यानं आमच्या राशीला तीन फेऱ्या मारल्या.

"औंदा पीक कमी दिसतंय?"

"व्हय जी," आबा म्हणाले. "चिमन्या लई झाल्यात."