चौदाव्या मजल्यावरची मातीची भिंत

माझ्या कामाचं कौतुक मी स्वतःच करते. दुसरं कुणी करील म्हणून वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. म्हणून आधीच सांगते, पुण्यातला चौदाव्या मजल्यावरचा तो फ्लॅट मी झकास सजवला होता. मालकीणबाईंना घरात निसर्ग हवा होता आणि थाटही. मी खाली काळा दगड घातला, जुन्या सागाची दारं केली, गॅलरीत वेली चढवल्या. राहिली होती फक्त हॉलची मोठी भिंत. ती मला मातीची हवी होती आणि तिच्यावर एकही चित्र टांगायचं नव्हतं.

दोन कारागीर येऊन गेले. एकाची माती वाळून तडकली. दुसऱ्याची इतकी गुळगुळीत झाली, की रंगच फासलाय असं वाटावं. मी दोघांवरही डाफरले. मग लक्षात आलं, मला हवी ती भिंत गावी, मार्गासनीला, आमच्या स्वयंपाकघरात आहे. दर दिवाळीआधी आई ती हाताने लिपते आणि तिच्या पंज्याचे अर्धगोल वळसे एकावर एक चढत जातात. शाळेत असताना त्या घरात मी एकाही मैत्रिणीला बोलावलं नव्हतं.

रविवारी घरी गेले. आई अंगणात भात पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"तुजं लई अडलंय का?" तिने विचारलं.

"अडलंय."

"मग यीन की. पन येक हाय. मी तुजी आय हाय म्हनून तितं सांगायचं न्हाई. येवढी शिकलेली पोर, आन आय लोकाच्या भिंती लिपती. तुजं काम जायाचं."

एरवी मला राग पटकन येतो. त्या दिवशी यायला हवा होता, तर आला नाही. मी "बरं" म्हणाले आणि आतून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

आमच्याच बांधाची तांबडी माती टेम्पोने आली. भाताचं तूस मिसळून ती गॅलरीतल्या टपात चार दिवस भिजवली. शेण चालणार नाही, असं मालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं. ते ऐकून आईने नाक मुरडलं. माती धरावी म्हणून मी भिंतीला टाचे मारून ती खडबडीत करून घेतली. आईने मातीचा एक गोळा मुठीत दाबला, भिंतीवर फेकला आणि तो पडत नाही हे बघून पदर खोचला. तीन दिवस ती लिपत होती. सुतार रंधा बाजूला ठेवून बघत उभे राहायचे. माझा ऊर भरून यायचा, ही माझी आई म्हणून ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि मी तोंड मिटून मोजमापं घेत राहायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकीणबाई आल्या. भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वर बोट दाखवून मला म्हणाल्या, "खालचे वळसे केवढे मोठे आहेत आणि वरचे बारके. तुम्ही लक्ष दिलं नाही का?"

मी गडबडले. "मावशींना सांगते ना," मी म्हणाले. "त्या नीट करून देतील."

मावशी! माझ्याच तोंडून ते गेलं. आई शिडीवरून खाली उतरली, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"बाई, पोरीला बोलू नगा," ती म्हणाली. "बसून लिपलं की हात लांब जातो. वर करून लिपलं की आखूड पडतो. मानसाच्या हाताचं आसंच आसतं."

"पोरीला?" मालकीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आईने मान खाली घातली. "माज्या पोरीच्या वयाची हाय, म्हनून म्हनलं."

माझी अब्रू राखायला ती परक्या घरात खोटं बोलली. मग मात्र मला राग आला, स्वतःचाच, आणि चांगला सणसणून आला.

"वयाची नाही, मी तिचीच पोरगी आहे," मी म्हणाले. "ही माझी आई. आणि भिंत आहे तशीच राहील. तिच्या हाताला मी लहानमोठा म्हणणार नाही."

काम जाणार, असंच वाटलं होतं. पण मालकीणबाई आत गेल्या आणि नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक स्वतःच्या हाताने काढून म्हणाल्या, "आई, बसा." आई मातीने माखलेल्या साडीने बसेना, त्यांनी बसवलंच. वरच्या बारक्या वळशांबद्दल पुन्हा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला पोचवायला निघाले. स्वारगेटला वेल्ह्याची एसटी मिळाली. आई खिडकीशी बसली, नखातली माती काढत होती. कात्रजला "सांगू नगं म्हनलं व्हतं ना?" एवढंच एकदा पुटपुटली.

नसरापूर फाट्याला मार्गासनीचीच एक म्हातारी चढली आणि आमच्या पुढच्या बाकावर बसली. तिने मागे वळून नुसतं विचारलं, "पुन्याला गेली व्हतीस व्हय गं?"

आई उठून उभी राहिली. एका हाताने दांडा धरला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि साऱ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही माजी पोरगी. चौदाव्या मजल्यावर घरं सजवती. आन त्यातली भिंत म्या लिपलीया."