माझी कविता कोण तपासणार?

मंडळी, आज सकाळी पुन्हा अर्धशिशी उठली. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा, मग जीभ जड. अशा वेळी तोंडून भलतेच शब्द येतात आणि माझं मलाच कळत नाही.

मग बोलणं ताळ्यावर आहे का ते पाहायला मी चौथीतली कविता मोठ्याने म्हणतो. पूर्वी आमची ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, दुसरं कडवं चुकलं!" तिला जाऊन दोन वर्षं झाली.

आज गाझियाबादच्या या फ्लॅटमध्ये शेजारच्या मिश्राबाई डोकावल्या, त्यांनाच ऐकवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वाह अंकलजी, बिल्कुल सही!"

त्यांना मराठीचा एक शब्दही कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी फोनवर माझी कविता ऐकाल का? चुकली तर चुकली म्हणणारं माणूस हवंय.