शोभाला बोलवा

“परमनंट व्हायचं होतं ना तुम्हाला, बाई? झालात की.”

असं म्हणून साहेबानं टेबलावरचा कागद माझ्याकडं सरकवला. दवाखान्याचा कागद. इंग्रजीत. त्यातल्या एका लांबलचक शब्दाखाली त्यानं रेघ मारली आणि मोठ्यानं वाचलं, “परमनंटली डिसेबल्ड. कायमच्या अपंग.” दाराशी उभा असलेला मुकादम हसला. कोपऱ्यातला टायपिस्टही हसला, मान खाली घालून.

माझ्या उजव्या हाताला बँडेज होतं. आत दोन बोटं नव्हती. डाळमिलच्या पट्ट्यानं ती ओढून नेली होती.

आणि मी काय केलं? मीही हसले. साहेब गंमत करतोय तर आपण हसावं, एवढं त्या मिलमध्ये सतरा वर्षांत पक्कं शिकले होते. ती हसणारी बाई आज समोर आली तर मी तिच्या थोबाडीत देईन. डाव्या हातानं.

मिल जळगावात होती. नवरा गेलेला, पदरात एक पोरगी, शिक्षण सातवी. डाळीतले खडे निवडायचे, पोती शिवायची, पट्ट्याखाली सांडलेली डाळ झाडून घ्यायची. संध्याकाळी घरी जाताना पापण्यासुद्धा पिवळ्या.

सलग ठरावीक दिवस भरले की कामगाराला परमनंट करावं लागतं, असा कायदा आहे म्हणे. परमनंट करा, असं आम्ही सारखं म्हणायचो, पण हा कायदा आम्हाला माहीत नव्हता. मालकाला होता. म्हणून ते दिवस भरायच्या आत आम्हाला आठवडाभर घरी बसवायचे. ह्याला ब्रेक म्हणायचे. ब्रेकनंतर परत घ्यायचे, पण हजेरीबुकात नवीन नाव लिहून. म्हणजे जुनी बाई काम सोडून गेली, नवी बाई लागली. बाई तीच. खराटा तोच. पट्टा तोच.

मुकादम विचारायचा, “अक्का, ह्या खेपेले काय नाव लिखू?”

आणि ही दीडशहाणी हौसेनं सुचवायची. नलिनी लिही. चंद्रकला लिही. एकदा सिनेमा बघून आले होते, तर नटीचंच नाव लिहायला लावलं आणि आठवडाभर वेणीत फूल माळून डाळ झाडली. इतर बायकांचं लग्नात एकदाच नाव बदलतं, आपलं सारखं बदलतं, ह्याचा मला केवढा तोरा. त्याहून कहर म्हणजे आम्ही बारसं करायचो. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पोत्यांवर बसायचं, एकमेकींच्या कानात नवीन नाव फुंकायचं, पाठीत बुक्के मारायचे, गूळ-दाणे वाटायचे. पुढाकार कुणाचा? माझाच. कोणीतरी आम्हाला पुसून काढत होतं आणि आम्ही त्याचे गूळ-दाणे खात होतो.

वच्छलाअक्का तेवढी लांब बसायची. म्हणायची, “मन्ही मायनी मन्हं एकच नाव ठेवेल शे.” तिला आम्ही खडूस म्हणायचो.

पट्टा चालू असताना खालची डाळ झाडू नये, असं भिंतीवर लिहिलं होतं. पट्टा बंद करू नये, असं मुकादम सांगायचा. भिंत काही रोज हजेरी घेत नव्हती. आम्ही मुकादमाचं ऐकायचो. त्या दिवशी चाकापाशी साचलेली डाळ ओढायला हात घातला आणि पट्ट्यानं खेचला.

दवाखान्यात नर्सनं नाव विचारलं. इतकं दुखत होतं की नाटक सुचलं नाही. खरं नाव सांगितलं. तेच कागदावर आलं.

तो कागद घेऊन मी साहेबाच्या केबिनमध्ये गेले होते. हसून झाल्यावर मी विचारलं, “साहेब, मले भरपाई भेटी का?”

त्यानं हजेरीबुक उघडलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सगळी बोटं होती त्याला.

“दवाखान्याच्या कागदावरचं नाव आमच्या बुकात नाही. आमच्याकडं शोभा कामाला आहे. तिचा हात मोडल्याचा कागद कुठं आहे?”

त्या खेपेला मी शोभा होते. तेही मीच सुचवलेलं.

मग त्यानं दुसरा कागद काढला. तोही इंग्रजी. “इथं शोभा म्हणून सही करा. घरच्या कारणानं काम सोडलं, असं लिहिलंय. हात बरा झाला की झाडायला घेऊ परत. नवीन नावानं.”

सातवीच्या इंग्रजीवर मला अक्षरं लावता यायची, तेवढंच. दुसऱ्या ओळीत मला तोच लांबलचक शब्द दिसला. पहिल्या कागदावर रेघ मारलेला.

“हा इथं बी शे का?”

“हो. परमनंटली लेफ्ट. कायमचं सोडलं.”

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. माझा बाप अमळनेरला तेलाच्या गिरणीत हमाली करायचा. ती गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या फाटकावरही हाच शब्द लावला होता, परमनंटली क्लोज्ड. म्हणजे बंद करायचं असेल तर हा येतो. सोडायला लावायचं असेल तर येतो. माणूस मोडला की धावत येतो. सतरा वर्षं आम्ही त्याला एकाच जागी बोलावत होतो, कामावर ठेवण्याच्या शेजारी. तिथं तो कधी आला नाही.

माझं हसणं तिथं संपलं.

“शोभाले बलावा,” मी म्हटलं.

“काय?”

“हाऊ कागद शोभाना शे. तिले बलावा. ती करी सही. मी तिले वळखत नही.”

मुकादम पुढं आला. “अक्का, नाटक नको करू.”

“तुन्हा बुकमा मन्ह्या वीस-पंचवीस बाया शेत. सर्वा बायास्ले बलाव. एखादी करी सही.”

टायपिस्टचं यंत्र थांबलं. साहेब उठून उभा राहिला. “बाहेर काढा हिला,” म्हणाला. सतरा वर्षं अहोजाहो करत होता, तेही गेलं. मी दवाखान्याचा कागद उचलला, त्याचा कागद सहीविनाच त्याच्यापुढं ठेवला आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

पुढं सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. काम गेलं. दावा लावला. तुम्ही तिथं कामाला होता ह्याला पुरावा काय, असं विचारलं गेलं. ज्यांच्या कानात मी नावं फुंकली त्यातली एकही साक्षीला आली नाही. वच्छलाअक्का आली. पण तिचं खरं नाव तरी बुकात कुठं होतं? मी हरले.

आता अमळनेरला लेकीकडं असते. नात रोज गाडीनं नरडाण्याला जाते, तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला. बी.ए. बाहेरून करते. परवा तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात हाच शब्द निघाला. त्याच्यासोबत कोणती क्रियापदं येतात ते लिहायचं होतं. मी भराभरा सांगितली. बंद करणं, सोडणं, अपंग होणं, काढून टाकणं.

ती हसली. “आजी, पुस्तकात राहणं आहे, स्थायिक होणं आहे, नेमणूक करणंसुद्धा आहे.”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं डाळ झाडली नसेल,” मी म्हटलं.

मग तिनं गळ्यातलं कार्ड दाखवलं. नवीन. हिरवी दोरी. आधार कार्ड आल्यापासून पोरींची नावं बदलता येत नाहीत, म्हणून आता हे लोक ज्याच्यामार्फत पोरी घेतात त्या ठेकेदाराचं नाव बदलतात. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. दर काही महिन्यांनी कागदोपत्री पोरगी नवीन. जुनं कार्ड सोमवारी जमा करायचं. सोबत इंग्रजी पत्र. मी तिला वाचायला लावलं. त्यात तो शब्द आणि कामावर ठेवणं, दोघं एकदाचे शेजारी आले होते. फक्त त्यांच्या आधी ‘नॉट’ होतं.

“दोरीचा रंग छान आहे ना?” नात म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वेणीत फूल माळलेली ती मूर्ख बाई माझ्यासमोर उभी होती, फक्त वय कमी होतं.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग मोबाईल काढला. प्रत्येक नव्या कार्डाबरोबर तिनं स्वतःचा फोटो काढलेला. चार फोटो, चार रंगांच्या दोऱ्या, मागं तेच एक गेट. तिच्याबरोबरच्या पाच पोरींकडंही असेच फोटो आहेत. “हाच पुरावा. आता जुनं कार्डही देऊ नकोस,” मी म्हटलं.

“जुनं कार्ड नाही दिलं तर काढतील, आजी.”

“काढतील.”

तिनं गळ्यातलं कार्ड काढून ठेवलं. मग म्हणाली, “नाही देत मी. तू येशील?”

सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी जाणार आहोत. फोटो कागदावर काढून घेतलेत. तिला काढतील, मला माहीत आहे. पण कुणाला काढलं आणि ती किती दिवस तिथं होती, हे त्यांना तिच्या नावानं लिहून द्यावं लागेल. ते हातात पडेपर्यंत मी गेटवरून उठणार नाही.