कोचचं दुसरं नाव

ईशान, मीरा, ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितली नाही. तुम्ही आता इतके लांब आहात, म्हणून लिहिणं सोपं जातंय — की तेवढ्यासाठीच मी थांबले होते?

आपण सिंगापूरला, क्लेमेंटीत राहायचो, तेव्हाचा तुमचा फुटबॉलचा ब्राझिलियन कोच आठवतो? गुडघ्याला पट्टा बांधून यायचा. मुलांना सांगायचा, भरलेलं स्टेडियम माझ्या नावानं ओरडायचं. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. एवढा नावाजलेला माणूस आपल्या कोंडोच्या, म्हणजे राहत्या सोसायटीच्या, हिरवळीवर दहा पोरांच्या बुटांच्या नाड्या कशाला बांधेल?

मी त्याच्या फुटबॉल अकॅडमीच्या फॉर्मवरचं त्याचं चार शब्दांचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं. तीन दुपारी. एक सामना नाही, एक फोटो नाही. मला — खरं सांगते — बरं वाटलं. शेजारची शिल्पा म्हणाली, "काकू, तुम्ही हेडमिस्ट्रेस होतात. तुमच्या इंग्लिशपुढे कोण बोलणार? तुम्हीच लिहा कोंडोच्या कमिटीला."

लिहिलं. एक पान, खाडाखोड नाही — हा माणूस मुलांशी खोटं बोलतो.

कमिटीनं वर्ग थांबवला. त्या शनिवारी तो आपल्या दारात आला. "मॅडम, त्या नावानं मला फक्त आई आणि पासपोर्ट ऑफिस ओळखतं," म्हणाला आणि वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण पुढे केलं. फोटोत तोच होता, लोकांनी खांद्यावर उचललेला. खाली एकच शब्द — जाबुती. म्हणजे कासव. त्यांच्याकडे खेळाडू टोपणनावानंच खेळतात.

हे मला समजायला हवं होतं ना? मला? माझ्या डिग्रीवर कुसुम आहे. लग्नात ताटातल्या तांदळात नाव लिहिलं आणि मी सुनंदा झाले. दोन्ही बायका एकच, हे सांगणारं गॅझेटचं पान मी जन्मभर फाइलमध्ये बाळगलं. सुनंदा म्हणून कुणी शोधलं असतं, तर मी कॉलेजची पायरीही चढलेली सापडले नसते.

मी कात्रण दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आता काय ते कमिटी ठरवेल." आणि दार लावलं.

अकॅडमीनं त्याला काढलं. नोकरी गेली की तिथं राहायचा पासही जातो. महिन्याभरात त्याला देश सोडावा लागला. ईशान, तू विचारलंस, "आज्जी, कोच नॉट कमिंग ऑलरेडी? व्हाय आह?" मी म्हटलं, त्याला मोठ्या क्लबनं बोलावलं, बाळा. तू केवढा खूश झालास! शाळेत सगळ्यांना सांगत सुटलास.

त्याला कुणीही बोलावलं नव्हतं. कमिटीला दुसरं पत्र लिहायला एक दुपार पुरली असती. तो जाईपर्यंत अशा कितीतरी दुपारी मी घरीच होते.