हॅवलॉकचं कासव आणि माझा उजवा कान

पुण्याहून पोर्ट ब्लेअरला जाऊन-येऊन विमान, चेन्नईला बदलून, दोघांचं मिळून बेचाळीस हजार. हॅवलॉकची बोट, खोली, खाणं, भाड्याची स्कूटर आणि दोघांचे दोन-दोन डाइव्ह धरून आणखी पन्नास. परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं, त्याचे आणि डॉक्टरचे मिळून वीस. म्हणजे सहल पडली एक लाख बारा हजारांना. तुम्हाला जायचं असेल तर एवढं धरून चला. शेवटचे वीस वाचू शकतात, आणि कसे ते सांगायलाच हे लिहितोय. उजव्या कानाची किंमत यात धरलेली नाही. तो आकडा मला अजून घालता आलेला नाही.

सोमाटण्याला जुन्या हायवेवर माझं टायरचं दुकान आहे. आम्ही मूळचे टाकवे बुद्रुकचे. एक हातपंप आणि दोन पाने घेऊन झाडाखाली बसायचो, तिथून आज अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत आलोय. गल्ल्यावर मंगल, माझी बायको, बसते. मागच्या दिवाळीनंतर लोणावळ्याहून उतरणाऱ्या एका जोडप्याच्या गाडीत खिळा घुसला. काम होईपर्यंत त्यातल्या मुलीने मंगलला मोबाइलवर अंदमानच्या पाण्याखालचं कासव दाखवलं. मंगलने ते दोनदा मागून बघितलं. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "आवो, ते कासव खरंच एवढं मोटं आसंल का?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, स्वतःसाठी हिने कधी काही मागितल्याचं आठवत नाही. म्हटलं, जाऊन बघू.

जानेवारीत निघालो. पहाटे मावळात असं धुकं होतं की लोहगावला पोचेपर्यंत ड्रायव्हर काच पुसत होता, आणि मी नाक. पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप. पाट्यांवर नवी नावं, लोकांच्या तोंडी जुनी. हॅवलॉकच्या बोटीची तिकिटं आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. बोटीत मधल्या रांगेत बसा. मंगल हौसेने पुढच्या खिडकीशी बसली आणि निम्मा प्रवास पिशवीत तोंड घालून केला. बेटावर जेवणाचे हाल नाहीत. वाटलेल्या मोहरीत शिजवलेला मासा मला इतका आवडला की दोन्ही वेळा तोच खाल्ला. मंगलचं म्हणणं, मासा चांगला आहे, पण भाताबरोबर किती दिवस खायचा.

पोहता येत नसलं तरी डाइव्ह करता येतं, हे आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. प्रत्येकाबरोबर एक शिक्षक असतो आणि तो तुम्हाला सोडत नाही. मंगलला एक मुलगी मिळाली, मला निर्मल. चाळिशीचा, आजोबांपासून बेटावर असलेला बंगाली, बोलायला हिंदी. त्याने किनाऱ्यावर नियम सांगितले. श्वास रोखायचा नाही. खाली जाताना थोड्या थोड्या वेळाने नाक चिमटीत धरून हवा फुंकायची, म्हणजे कान मोकळे होतात. कान दुखला तर हात हलवून कानाकडे बोट दाखवायचं, मग वर यायचं. सर्दी असेल तर आजच सांगा, दुसरा दिवस देतो, जादा पैसे लागत नाहीत.

मी सर्दीचं काही बोललो नाही.

तेवढ्यात मला फुस ऐकू आली. शेजारच्या सिलिंडरच्या तोंडाशी रबराची रिंग चिरली होती. लाटांच्या आवाजात निर्मलला ती ऐकू आलेली नव्हती. मी वाकून बोट ठेवलं. त्याने रिंग बदलली आणि विचारलं, आप करते क्या हो? मग मला राहवलं नाही. म्हटलं, तीस वर्षं हवेचाच धंदा करतोय, पंक्चर मी कानाने शोधतो. दुकानात टब आहे, पण त्यात आम्ही पाणी भरत नाही. तेव्हापासून त्याने मला उस्ताद म्हणायला सुरुवात केली.

पहिला डाइव्ह किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात. लोक रंगांबद्दल सांगतात. रंग आहेतच: दगडफुलासारख्या झुपक्यात घुसून बसलेले नारिंगी मासे, निळ्या ओठांचा तो मोठा शिंपला, जो सावली पडली की मिटतो. काही ठिकाणी मात्र प्रवाळ मरून चुन्यासारखं पांढरं पडलंय, तेही दिसतं. पण मला आठवतो तो आवाज. तेलात मोहरी तडतडावी तसा चारी बाजूंनी, सतत. निर्मलने नंतर सांगितलं, बारकी कोळंबी करते तो. मध्येच कोणी चिक्की फोडून खातंय असा कुरुम आवाज यायचा; वळून पाहिलं तर हिरवा पोपटमासा दगड चावत होता. मंगलला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, समुद्र माझ्यासाठीच वाजतोय.

कासव काही भेटलं नाही. ते दुसऱ्या दिवशी बोटीने जायचं होतं त्या जागी, लाइटहाउसपाशी, हमखास दिसतं म्हणाले.

रात्रीत नाक पार चोंदलं. सकाळी मंगल म्हणाली, "सांगा त्याला, नाक गच्च झालंय म्हून. उद्या जाऊ." मी म्हटलं, वाफ घेतलीय, होईल मोकळं. ती म्हणाली, "ह्या कानावर घर उभं राह्यलंय आपलं, त्याच्याशी खेळ न्हाई करायचा." मी हसून बोटीत चढलो. उस्ताद म्हणून हाक मारणाऱ्या माणसाला माझं नाक बंद आहे हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दोराला धरून उतरायला लागलो. दोन पुरुष खोल गेलो तसा उजवा कान ठणकायला लागला. फुंकून पाहिलं, हवा जाईना. इथे टाकव्याची विहीर आडवी आली. आमच्याकडे पोरं तळ गाठून मूठभर गाळ वर आणून दाखवतात. कान ठणकतोच, तेव्हा दात आवळायचे. रिकाम्या हाताने वर येईल त्याची सुगी होईपर्यंत टिंगल. निर्मल थोड्या थोड्या वेळाने अंगठा-बोट जुळवून विचारत होता, ठीक? मी दात आवळून तशीच खूण करत होतो, ठीक.

मग कानात कापड फाटावं तसं टरकलं. थंड पाणी आत शिरलं आणि समुद्र गरागरा फिरला. त्या बाजूची तडतड बंद झाली. निर्मलने जाकीट धरून मला सावकाश वर आणलं.

बोटीत मी नाकातलं रक्त पुसत होतो तेव्हा मंगल वर आली. तोंडातली नळी काढली, दोन्ही हात फाकवले आणि म्हणाली, "आवो, एवढं मोटं, माज्या हाताशेजारनं गेलं..." मग तिने माझा चेहरा पाहिला. हात खाली आले.

निर्मल रागावला नाही, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "एक इशारा कर देते, उस्ताद. मैं ऊपर ले आता."

पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टरने पडदा फाटल्याचं सांगितलं आणि आठवडाभर विमान बंद केलं. तो आठवडा आम्ही बाकावर बसून समुद्राकडे बघत काढला. म्हणून सांगतो, सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला, त्यासाठी एक दिवस हाताशी मोकळा ठेवा, आणि विमानाच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरू नका. कान दुखला तर वर या. बस्स.

पडदा दोन महिन्यांत जुळून आला. पण आतली नस दुखावलीय, बारीक आवाज उजवीकडून आता यायचे नाहीत, असं तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं.

पाव्हण्या बायका मंगलला सहलीचं विचारतात. ती बोटीतली उलटी रंगवून सांगते, मोहरीच्या माशाला नावं ठेवते. कासवाचं सांगत नाही, कारण ते सांगायला घेतलं की पुढे माझा कान येतो. एकदा मीच विचारलं, कसं होतं गं ते? म्हणाली, "हुतं की. मोटं हुतं." आणि गॅस बंद करायला उठली. एवढ्या लांब जायचं ते तिच्या एका प्रश्नासाठी ठरलं होतं. उत्तर तिला मिळालं, पण ते मनभर सांगायची सोय मी ठेवली नाही.

परवा इंदुरीची एक गाडी आली, हवा जाऊन चाक सावकाश बसत होतं. सवयीने उजवा कान लावला. मग डावा. रस्त्यावरचे ट्रक तेवढे ऐकू आले. शेवटी चाक पाण्यात बुडवलं, तर वॉल्व्हच्या बुडातून बुडबुडे येत होते.

टब आता रोज सकाळी मीच भरतो.