तपासणीपुरते कठडे

वर्ध्याच्या त्या दवाखान्याने तपासणीच्या साहेबांना फसवलं आणि त्यात माझी आई गेली. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच एक पन्नाशीचा वॉर्डबॉय खाटांचे कठडे काढू लागला. कठड्यावरचा एकेका म्हाताऱ्याचा हात तो आधी हळूच उचलून पोटावर ठेवी, मगच कठडा सोडवी. भाजीच्या अडतीत मी भल्याभल्यांना वाकवलंय. त्याच्यावर ओरडलो, मग विनवलं, "माझ्या मायचा तेवढा राहू दे."

"भाऊ, उद्या दुसऱ्या वार्डात तपासणी हाये, अन् कठडे एवढेच हायेत. तुमच्या मायचा ठेवला, तं बाकीच्यायनं काय पाप केलं?"

पहाटे आई खाटेवरून पडली. डोक्याला लागलं, पुन्हा बोललीच नाही. त्या माणसाशी माझं भांडण नाही. कठडे फिरवायचा हुकूम ज्याने दिला, त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावं, माझी आई कशाने मेली.